झाल्यात जमा

त्या वर्कशॉपात कुठलंही काम पूर्ण होत नसे. ते झाल्यात जमा होत असे.

मोटारी भरून द्यायचं वर्कशॉप होतं ते. पाण्याच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची, लाँड्रीतल्या धुलाईयंत्राची, कसलीही मोटर जळली की लोक ती हातगाडीवर टाकून इथे आणत. मग आतली काळीठिक्कर पडलेली तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी खाचांमध्ये बसवायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची, पुन्हा जोडून बंद करायची आणि शेवटी अर्धा दिवस रिकामीच पळवून बघायची. एक लांबलचक खोली, रस्त्याच्या अंगाला शटर, दुसऱ्या टोकाला भट्टी. मधल्या बाकावर मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचे दोघं. शटरपाशी काचेची छोटी केबिन, आणि केबिनमध्ये वहिनी.

वहिनी म्हणजे मालकाची वहिनी. मालक तिचा धाकटा दीर. तिचा नवरा थोरला, पण तो वर्कशॉपचा टेम्पो चालवायचा. "गिऱ्हाइकाशी बोलण्यापेक्षा गिअरशी बोललेलं बरं," हे त्याच्या तोंडून निघालेलं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य. ते म्हणून झाल्यावर त्याने धंद्याच्या सगळ्या चाव्या धाकट्याच्या हातात दिल्या आणि टेम्पोची तेवढी ठेवून घेतली. मालक तिला वहिनी म्हणायचा म्हणून कामगार म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, मग समोरचा चहावाला. मिस्त्री तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनीच म्हणत. एकदा फोनवर कोणीतरी तिचं खरं नाव घेऊन चौकशी केली, तर मालकाने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला होता.

ती काही या केबिनमध्ये जन्मली नव्हती. आधी एका विमा कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. चांगली वीसेक वर्षं लिहिले. मग कंपनीने ते सगळं खातंच उचलून बाहेरच्या कोणाला तरी देऊन टाकलं आणि एका दुपारी वहिनी जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी घेऊन घरी आली. नवऱ्याने उशीकडे पाहिलं, काही विचारलं नाही, पाणी आणून दिलं. नंतर तिने बरेच अर्ज केले. मुलाखत घेणारे तिच्या अनुभवाचं तोंडभरून कौतुक करायचे आणि अनुभव नसलेल्या कोणाला तरी घ्यायचे. शेवटी दीर म्हणाला, "वहिनी, फोन घ्यायला माणूस नाही. चार दिवस बसा." त्या चार दिवसांचं कॅलेंडर कोणी पुन्हा उघडून पाहिलं नाही.

फोन एकच असायचा. काय म्हणते आमची मोटर?

वहिनी केबिनमधून ओरडायची, "मिस्त्री, लाँड्रीची?"

"झाल्यात जमा!"

थोड्याच दिवसांत तिला त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला लागला. मिस्त्रींनी "झाऽऽल्यात" असं लांबवलं तर मोटर भट्टीत आहे. तोडून म्हणाले तर बंद करून झाली, पळवायची राहिली. आणि मान वर न करता म्हणाले, तर अजून हातही लावलेला नाही. त्याप्रमाणे ती फोनवर सांगायची. उद्या या. संध्याकाळी या. या आठवड्यात फिरकू नका. गिऱ्हाइकं तिच्या शब्दावर हातगाडी बांधून निघत आणि कधी रिकामी परत जात नसत.

मग मालकाने सॉफ्टवेअर घेतलं.

कुठल्याशा प्रदर्शनात त्याने ते पाहिलं. विकणारा टाय लावून वर्कशॉपात आला आणि वार्निशच्या पिंपापासून टाय सांभाळत म्हणाला, "साहेब, सगळं तयार आहे. नुसतं चालू करायचं." पी हळद आणि हो गोरी. वर्षाच्या भाड्याने ते आलं. मिस्त्रींच्या बाकाशेजारच्या खांबावर एक पडदा बसवला गेला. त्यात काय नव्हतं? विमानाने माल पाठवायचं पान होतं. शाखा निवडायचं पान होतं, आणि शाखा एकच असल्यामुळे रोज सकाळी एकातून एक निवडावी लागे. गिऱ्हाइकाचं आडनाव भरल्याशिवाय ते पुढे हलायचं नाही. बेकरीवाल्याचं आडनाव कोणाला माहीत? मालकाने नावाच्या चौकटीत बेकरी आणि आडनावाच्या चौकटीत वाला भरलं. त्या दिवसापासून त्या माणसाला "आदरणीय वाला" असे निरोप जाऊ लागले.

मोटारीसाठी बटणं दोनच होती. 'काम चालू' आणि 'काम पूर्ण'. पूर्ण दाबलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर निरोप जायचा, आपली वस्तू तयार आहे, कृपया घेऊन जावी.

"भाऊजी, मग यात माझं काम काय?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही आता आराम करा," मालक कौतुकाने म्हणाला. त्याला खरंच वाटलं होतं की त्याने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

इकडे मिस्त्रींनी मोटर भट्टीत सरकवली, दार लावलं, हात पुसले आणि पडद्यापुढे उभे राहिले. चालू म्हणावं, तर हात लागत नाही. हात लागत नाही ते काम चालू कसलं? राहिलं दुसरं. त्यांनी ते दाबलं. लाँड्रीवाली मावशी धापा टाकत आली.

"कुठंय मोटर?"

"भट्टीत."

"भट्टीत? मग तयार म्हणून कशाला कळवलंत?"

"कच्ची आहे का? भाजतेय की," मिस्त्री म्हणाले.

अशी भांडणं रोजची झाली. मालकाने मिस्त्रींना समजावलं, मिस्त्रींनी मान डोलावली आणि जे करत होते तेच केलं. माणूस हट्टीच. पण यात हट्टापेक्षा सवय जास्त होती. जन्मभर त्यांच्या लेखी मोटारीची तिसरी एक अवस्था होती, आणि ती पडद्यावर नव्हती.

ज्या दिवशी घोडं खरं पेंड खायला बसलं, त्या दिवशी वहिनी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मिस्त्री जेवायला गेले होते. बेकरीवाला मोबाइल नाचवत आला. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर बाकावर उभी होती, रंग मारलेली, बोल्ट आवळलेले, नव्या नवरीसारखी. पडद्यावर पूर्ण. मालकाने स्वतः हात लावून ती हातगाडीवर चढवली. ती पळवून बघायची राहिली होती, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला तो मोटर आणि घमेलंभर आंबलेलं पीठ घेऊनच. घमेलं त्याने मालकाच्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचं पूर्ण!"

आतला एक जोड सैल राहिला होता. पळवली असती तर तासाभरात हाताला चटका बसून कळलं असतं.

"मिस्त्री, पूर्ण कोणी दाबलं?"

"मी."

"झाली होती का?"

"झाल्यात जमा होती."

"मग पूर्ण का दाबलंत?"

"मग काय दाबू? तुमचा गळा?"

हाताखालचे दोघं हसले. तिथेच मालकाचा तोल गेला. गिऱ्हाइकादेखत, कामगारांदेखत तो म्हणाला, "उभा जन्म या बाकावर गेला तुमचा, आणि झालेलं नि न झालेलं यातला फरक कळत नाही?"

मिस्त्रींनी कमरेचं फडकं सोडलं, घडी केलं, बाकावर ठेवलं. "महिना भरेपर्यंत हातातली कामं उरकतो. पुलापलीकडचा वर्कशॉपवाला कधीपासून बोलावतोय. तिथे खांबावर नुसतं घड्याळ आहे."

मालक रात्रभर तळमळला असणार, कारण सकाळी त्याचे डोळे तांबारलेले होते. मिस्त्री गेले तर हाताखालचे दोघं साध्या मोटारी भरतील, पण मोठी गिऱ्हाइकं मिस्त्रींच्या हातासाठी येत होती, आणि तो हात वर्कशॉपचं अर्धं भांडवल होता. माफी मागावी, तर मालकपणा आडवा. आणि मागून तरी काय? पडदा तोच, बटणं तीच. आठवड्याने पुन्हा तेच झालं असतं.

गाल सुजलेल्या वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि टायवाल्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"तिसरं बटण हवंय," वहिनी म्हणाली.

"मॅडम, आपली सूचना नोंदवली आहे. पुरेशा ग्राहकांनी हीच मागणी केली, तर पुढच्या आवृत्तीत विचार होईल."

"म्हणजे दुनियेतल्या सगळ्यांच्या मोटारी आधी झाल्यात जमा व्हायला हव्यात?"

"मॅडम?"

"काही नाही गं. जेवलीस का?"

मुलगी गडबडली आणि मग हळूच म्हणाली, "नाही अजून." वहिनीला तिचा राग आला नाही. ती बिचारी उंटावर बसवलेली होती, शेळ्या हाकायला. शेळ्या कुठे चरतात ते तिला दिसणार कसं?

वहिनी दिराच्या टेबलापाशी गेली. "भाऊजी, मी लिहिते."

"काय?"

"हेच. आपलं आपण करू."

"वहिनी, आपण मोटारी भरतो. सॉफ्टवेअर ही काय घरी करायची गोष्ट आहे?"

"फर्मा कुठून आणता?" तिने विचारलं.

फर्मा म्हणजे ज्याच्याभोवती तारेची वेटोळी गुंडाळतात तो लाकडी साचा. मिस्त्री तो प्रत्येक मोटारीच्या खाचा मोजून स्वतः तासायचे. भिंतीवर असे शेकडो टांगलेले होते.

"बाजारात तयार मिळतात की," वहिनी म्हणाली. "मग का तासत बसता?"

"तयार फर्म्याची वेटोळी खाचेत बसत नाहीत. ठोकून बसवावी लागतात. तार सोलते."

"मग आत्ता काय सोललंय ते बघा," असं म्हणून तिने बाकाकडे हनुवटी उडवली. मिस्त्री पाठ करून बसले होते.

मग मालकाने शेवटची शंका काढली. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"लिहिलेलं सगळं समजावून नोंदून ठेवीन. दुसऱ्याला वाचता येईल असं. आणि भाऊजी, मिस्त्री आजारी पडले तर काय कराल, हे कधी विचारलंत का स्वतःला? ते तर चाललेत."

त्या रात्री थोरल्याने जेवताना विचारलं, "जमेल?" वहिनी म्हणाली, "विम्याचं जमत होतं, ते तर कधी कुणाला दिसलंही नाही." तो म्हणाला, "मग हे दिसेल." आणि आमटीत चमचा बुडवला.

पहिला प्रयत्न साफ फसला, हे सांगायलाच हवं. विमा कंपनीची सवय हाडात मुरलेली. वहिनीने एका मोटारीच्या प्रवासाचे एवढे टप्पे पाडले की पडदा बटणांनी भरून गेला. उकलली, उपसली, मोजली, तासली, गुंडाळली. हाताखालच्या दोघांनी कौतुकाने पाहिलं. मिस्त्रींनी लांबूनच पाहिलं.

"वहिनी, एवढी बटणं दाबेपर्यंत माझी एक मोटर भरून होईल."

"मग सांगा ना काय हवं ते."

"मी कशाला सांगू? मी तर चाललोय."

"म्हणूनच विचारतेय. तुम्ही गेल्यावर झाल्यात जमा म्हणजे काय हे मी कोणाला विचारणार? पुलापलीकडे येऊ का दर वेळी?"

मिस्त्रींना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं, पण मिशी हलली.

वहिनीने केबिनमधली खुर्ची उचलली आणि बाकाशेजारी आणून ठेवली. दिवसचे दिवस ती तिथे बसली. ऐकत राहिली. तिला आढळलं की वर्कशॉपात 'पूर्ण' हा शब्दच कोणी वापरत नाही. कोणी "हातात आहे" म्हणतं. कोणी "झाल्यात जमा" म्हणतं. आणि गिऱ्हाइकाला द्यायची वेळ आली की मिस्त्री लांबूनच हात झटकून म्हणतात, "न्या!"

"हातात आणि न्या कळलं," ती म्हणाली. "मधलं काय ते एकदा नीट सांगा."

मिस्त्रींनी तार दातात धरली होती. ती काढून ते म्हणाले, "माझ्या हातून सुटली, पण दारातून सुटली नाही. ती झाल्यात जमा."

तिने तसंच केलं. तीन बटणं. हातात, झाल्यात जमा, न्या. आधीची सगळी बटणं पुसून टाकताना तिला थोडं वाईट वाटलं. चांगली कष्टाने केली होती.

"आणि 'न्या' मी दाबणार नाही," मिस्त्री म्हणाले.

"का?"

"माझ्या मोटारीत मला खोट दिसत नाही. स्वतःचं पोर कोणाला वेडं वाटलंय? दुसऱ्या कोणीतरी दाबावं."

दुसरा माणूस आयताच होता. टेम्पोत मोटर चढवण्याआधी थोरला प्रत्येक मोटारीच्या पाठीवर हात ठेवायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं. वहिनीने विचारलं. "चालून गरम झालेली कळते," तो म्हणाला. मग तिसरं बटण शटरपाशी वेगळ्या पडद्यावर गेलं, आणि मोटर पळवून झाली की ते थोरल्याने दाबायचं असं ठरलं. न बोलता करण्यासारखं काम मिळाल्यामुळे तो खूश होता.

निरोपही वहिनीने स्वतः लिहिले. आडनावाची चौकट काढून टाकली आणि लोक ज्या नावाने हाक मारतात तेच ठेवलं. शाखा काढली. विमान काढलं.

सुरू केलं त्याच दिवशी गोंधळ झाला. तिच्या हातून एक चूक राहिली होती, आणि "तुमची मोटर झाल्यात जमा आहे" हा निरोप एका झटक्यात सगळ्याच गिऱ्हाइकांना गेला. ज्यांनी मोटर कधीच नेली होती त्यांनाही. फोन खणखणायला लागले. लाँड्रीवाली मावशी म्हणाली, "अगं, माझी मोटर माझ्यासमोर फिरतेय, तुमच्याकडे कुठली झाल्यात जमा आहे?" एक म्हातारा म्हणाला, "मी तर यंत्र विकून टाकलं, पण झालीच असेल तर नेतो." मिस्त्रींनी बाकावरून उभं राहून सांगितलं, "वहिनी, शाब्बास! गावात जळायच्या राहिलेल्याही भरून ठेवल्यात!"

हशा पिकला. वहिनी लाल झाली, पण हात कीबोर्डवरून उचलला नाही. समोरचा चहावाला ग्लास घेऊन येईतो चूक सापडून दुरुस्तही झाली होती. मालक पाठीमागे उभा राहून बघत होता. कंपनीकडे हीच तक्रार गेली असती तर आधी तिला एक क्रमांक मिळाला असता, हे त्याला बोलून दाखवायची गरज पडली नाही. तो एवढंच म्हणाला, "कंपनीच्या त्या फोनवरच्या पोरीला शिव्या देता येत नव्हत्या. तुम्हाला देता येतात."

"चहा पाजून द्या," वहिनी म्हणाली.

त्यानंतर रोज काहीतरी बदलायचं. हाताखालचा एक म्हणाला, अक्षरं बारीक आहेत, तर दुपारी मोठी झाली. तारेची जाडी लिहायला जागा हवी होती, ती झाली. लोक सांगत, कारण सांगितलं की घडायचं. जुन्या पडद्याकडे ज्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता येता-जाता वहिनीला काहीबाही सुचवू लागले. मिस्त्री मात्र सुचवत नव्हते. बटण दाबत होते, काम उरकत होते, आणि पुलापलीकडच्या वर्कशॉपातून त्यांना दोनदा फोन येऊन गेला होता. मालक ते ऐकायचा आणि कागद चाळायचा.

महिना संपायच्या दिवशी बेकरीवाल्याची मोटर पुन्हा भरून, जोडून बाकावर आली. मिस्त्रींनी झाल्यात जमा दाबलं आणि ती पळवायला लावली. थोड्या वेळाने बेकरीवाला दारात हजर.

मालकाने टेबलावरून मान वर केली. "अहो, आज येऊ नका असा निरोप गेला ना?"

"गेला ना." त्याने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचलं. "बेकरीवाले, तुमची मोटर झाल्यात जमा आहे. आज पळवून बघतोय. आज येऊ नका, न्या म्हटलं की या."

"मग का आलात?"

"धंद्यात पहिल्यांदा कोणीतरी आज येऊ नका म्हणालं. म्हटलं, बघू तरी काय करतात." आणि तो स्टूल ओढून मोटारीसमोर बसला.

नेमका त्याच वेळी टायवालाही उगवला. भाडं नव्याने भरायची तारीख जवळ आली होती. खांबावरचा पडदा पाहून तो म्हणाला, "साहेब, घरगुती प्रयोग ठीक असतात. पण धंदा वाढला की भरवशाचं काहीतरी लागतं."

उत्तर द्यायला मालक तोंड उघडणार, तेवढ्यात थोरला आत आला. त्याने सवयीने फिरत्या मोटारीच्या पाठीवर तळवा ठेवला. पुढच्या टोकाकडे सरकवला. थांबवला.

"इथे जास्त तापतेय," तो म्हणाला.

मिस्त्रींनी मोटर बंद केली, कान लावून हाताने फिरवली, पुढचं झाकण उघडलं. बेअरिंगमध्ये वंगण कमी पडलं होतं. पाच मिनिटांचं काम. त्यांनी ते बेकरीवाल्यादेखत केलं, लपवलं नाही, लाजलेही नाहीत. "म्हणूनच तर न्या मी दाबत नाही," एवढंच म्हणाले आणि मोटर पुन्हा पळवायला लावली.

बेकरीवाला मान हलवत राहिला. "म्हणजे मागच्या वेळीही हे कळलं असतं?"

सगळे मालकाकडे बघायचं टाळू लागले. मालकाने टेबलाची कड धरली. मग तो उठून बाकापाशी आला.

"कळलं असतं," तो म्हणाला. "मिस्त्रींनी पूर्ण म्हटलंच नव्हतं. पूर्ण ते यंत्र म्हणालं आणि मी त्याचं ऐकलं. माझ्या माणसाला विचारायला पाहिजे होतं. मी माणसावरच ओरडलो." तो मिस्त्रींकडे वळला. "मिस्त्री, चुकलो मी. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आत्ताही सगळ्यांसमोर बोलतोय."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "मीही पूर्णचं बटण दाबायला नको होतं," ते मोटारीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं, हे बसत नाही म्हणून. पण तुम्ही भाड्याने आणलेलं, मी काय बोलणार?"

टायवाल्याने कागद परत पिशवीत घातले. जाताना वहिनीला म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे दुसऱ्या वर्कशॉपांना विकणार का?"

"त्यांच्याकडे झाल्यात जमाला काय म्हणतात ते आधी विचारावं लागेल," वहिनी म्हणाली.

संध्याकाळ झाली. बेकरीवाल्याची मोटर आता नुसत्या कोमट पाठीने फिरत होती. थोरल्याने दोनदा हात लावला आणि मग 'न्या' दाबलं. मालकाने तीच मोटर हातगाडीवर चढवली. हाताखालचे दोघं कपडे बदलून निघून गेले. मिस्त्री नळाखाली कोपरापर्यंत साबण चोळत होते. ते हात धुऊन काय म्हणतात, यावर वर्कशॉपाचं पुढचं सगळं अवलंबून होतं. मालक शटरपाशी उगाचच कुलपाची चावी फिरवत उभा होता. विचारायचं धाडस होत नव्हतं, आणि न विचारता घरी जायचंही.

मिस्त्री हात झटकत केबिनपाशी आले.

"वहिनी, त्या भट्टीचं काहीतरी करा."

"कशाचं?"

"आत चार-चार मोटारी असतात. कुठली कधी ठेवली ते ध्यानात राहत नाही. उठून दार उघडून बघावं लागतं, गुडघे बोलतात माझे. पडद्यावर दिसायला हवं, ही एवढा वेळ झाली, ती तेवढा वेळ झाली."

वहिनीने दिराकडे पाहिलं नाही. "होईल की. कधीपर्यंत पाहिजे?"

"मला घाई नाही," मिस्त्री म्हणाले. "सोमवारी आलो की बसून सांगतो, कुठे काय दिसायला पाहिजे ते. मघाशी त्या पुलापलीकडच्याला सांगून टाकलंय, माझी वाट बघू नको म्हणून. त्याच्याकडे सांगायचं म्हटलं तर ऐकणार कोण? घड्याळ?"

मालकाच्या हातातली चावी खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

"सोमवार कशाला?" वहिनीने खुर्ची सरकवून जागा केली. "आत्ताच सांगा. दोन दिवसांत लिहून होईल."

मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि ओल्या बोटाने टेबलावरच भट्टीचं चित्र काढायला सुरुवात केली.